किमान की कमाल? आजारपणाच्या पगारी रजेच्या अभ्यासाला प्रस्तावना

आजारी कामगाराला त्या दिवसांचा पगार मिळावा की नाही, आणि मिळावा तर किती, यावर मराठीत पुष्कळ लिहून झाले आहे. गिरणी कामगारांच्या मागण्यांत हा विषय आहे, सरकारी नोकरांच्या रजानियमांत आहे, कामगार न्यायालयांच्या निवाड्यांत तर जागोजागी आहे. पण हा नियम करण्याचा अधिकार कोणाचा? खालच्या पातळीवर कोणी बरा नियम केला तर वरच्याला तो पुसून टाकता येतो का? हा प्रश्न आपल्याकडे क्वचितच वेगळा काढून पाहिला जातो. पुढच्या पानांचा विषय तो आहे.

विषयाचे मूळ रूप अमेरिकेतले. एखादे शहर ठरवते, की आपल्या हद्दीतल्या प्रत्येक मालकाने नोकराला आजारपणासाठी वर्षाला इतके दिवस भरपगारी रजा द्यायची. मग ज्या राज्यात ते शहर आहे ते राज्य कायदा करते, की आमच्या कोणत्याही शहराला असले काही ठरवता येणार नाही. तिथल्या कायद्याच्या भाषेत याला प्रीएम्प्शन म्हणतात. मी पुढे सगळीकडे ‘अटकाव’ म्हणणार आहे.

वाचकाने एक भेद मात्र पहिल्यापासून मनात पक्का धरावा, कारण त्याच्यावाचून या क्षेत्रात पाऊल टाकले की लगेच चकवा लागतो. वरचा कायदा दोन तऱ्हांचा असू शकतो. एक म्हणतो, याहून कमी देऊ नका. दुसरा म्हणतो, याहून जास्त द्यायला कोणी कोणाला भाग पाडू नका. पहिला किमान ठरवतो, दुसरा कमाल. दोन्ही कायदे ‘राज्यभर एकच नियम’ याच नावाने येतात, आणि विधिमंडळातली भाषणे ऐकून त्यांतला फरक कळत नाही. कलमे वाचावी लागतात.

हे लेखन फरवानियात बसून झाले आहे, आणि तज्ज्ञ वाचकाला ते विचित्र वाटेल. कुवेतच्या सहा मुहाफजांपैकी, म्हणजे प्रांतांपैकी, ही एक. विमानतळ हिच्यात, खैतान हिच्यात, आपली माणसे ज्याला अब्बासिया म्हणतात तो जलीब अल-शुयूखचा भागही हिच्यातच. कोकणातून आलेले ड्रायव्हर, फोरमन, इलेक्ट्रिशियन, केरळच्या नर्स, आंध्रातल्या घरकामगार बायका, इजिप्त आणि बांगलादेशातले मजूर अशी दाट वस्ती. पण या मुहाफजेला कायदा करणारी सभा नाही. राज्यपाल नेमलेला. नगरपालिका, म्हणजे बलदिया, अख्ख्या देशाला एकच. तिची सुरुवात १९३० ची. तिच्या परिषदेत १६ सदस्य, १० निवडलेले आणि ६ नेमलेले. निवडणारे फक्त नागरिक. परिषद इमारतींचे परवाने, रस्ते, बाजार, जमिनीचा वापर पाहते. कामगारांच्या रजेशी तिचा संबंध नाही. १९६२ च्या संविधानाचे १३३ वे कलम स्थानिक संस्थांना स्वातंत्र्य देण्याची भाषा करते, पण ते सरकारच्या देखरेखीखालचे स्वातंत्र्य. मे २०२४ मध्ये राष्ट्रीय सभाही बरखास्त झाली आणि तेव्हापासून कायदे अमीरांच्या हुकुमाने होतात.

मग जिथे खालून बोलणारा कोणी नाहीच, तिथे वरचा अडवणार कोणाला? फरवानियाचे अभ्यासमूल्य मला इथेच दिसते. अमेरिकेतली भांडणे वाचताना माणूस नकळत धरून चालतो, की स्थानिक म्हणजे कामगाराच्या बाजूचे आणि वरचे म्हणजे मालकाच्या बाजूचे. फरवानियात हे गृहीत टिकत नाही. इथे सगळे वरूनच येते, आणि जे येते ते कागदावर अमेरिकेतल्या बहुतेक शहरांनी मागितले त्यापेक्षा जास्त आहे.

तो कागद पाहू. खासगी क्षेत्रासाठीचा २०१० चा ६ क्रमांकाचा कायदा. त्याच्या ६९ व्या कलमाप्रमाणे कामगाराला वर्षात आजारपणासाठी पहिले १५ दिवस पूर्ण पगारी, पुढचे १० दिवस पाऊण पगारावर, त्यापुढचे १० अर्ध्यावर, आणखी १० पाव पगारावर आणि शेवटचे ३० दिवस बिनपगारी रजा मिळते. एकूण ७५ दिवस. महिन्याला २६० दिनार मिळवणारा माणूस धरा. कुवेतमध्ये रोजचा पगार महिन्याच्या पगाराला २६ ने भागून काढतात, म्हणजे त्याचे रोजचे १० दिनार झाले. सुट्ट्यांच्या मोजणीचे बारकावे बाजूला ठेवले तर पहिल्या १५ दिवसांचे १५०, मग ७५, मग ५०, मग २५. पगारी ४५ दिवसांत त्याला ४५० ऐवजी ३०० मिळाले, बरोबर दोन तृतीयांश. त्यानंतरचा महिना शून्य. सौदी अरेबियात ३० दिवस पूर्ण, ६० दिवस पाऊण आणि ३० बिनपगारी असा क्रम आहे. संयुक्त अरब अमिरातीत १५ पूर्ण, ३० अर्धे, ४५ बिनपगारी. उतरत्या पायऱ्या सगळ्या आखातात आहेत, उंची वेगळी.

या कायद्यातली आणखी दोन कलमे अभ्यासकाने ६९ व्याच्याही आधी वाचावीत. सहावे कलम सांगते, की या कायद्यातले हक्क ही कामगारांच्या हक्कांची किमान पातळी आहे. करारात, सामूहिक करारात, कंपनीच्या नियमांत किंवा धंद्याच्या रूढीत याहून चांगले काही असेल तर ते अबाधित. चौथे कलम तेलक्षेत्राविषयी आहे. त्या क्षेत्राला १९६९ चा वेगळा कायदा आहे. पण त्यात एखादी गोष्ट नसेल, किंवा २०१० चा कायदा कामगाराला जास्त फायद्याचा असेल, तर २०१० चा लागू. दोन कायदे आमनेसामने आले की वरचा कोणता, नंतरचा कोणता, खास कोणता, असे वाद घालण्यात आपल्या वकिलांची हयात जाते. इथे एका ओळीत उत्तर दिले आहे: कामगाराला जो बरा, तो. माझ्या मते आखाती कामगार कायद्यातल्या सर्वांत कमी चर्चिल्या गेलेल्या चांगल्या ओळींपैकी ही एक आहे.

तर कुवेतचा कायदा स्पष्टपणे किमान ठरवणारा. वर जायला मोकळीक आहे. वर कोण नेणार? सामूहिक करार करायला संघटना लागते, आणि संघटना स्थापण्याचा हक्क कायद्याने कुवेती कामगारांना दिला आहे. फरवानियातला खासगी नोकर बहुतांशी परदेशी. राहिला वैयक्तिक करार. तो रत्नागिरीत किंवा मुंबईत एजंटच्या टेबलावर सही होऊन येतो, आणि त्या टेबलावर आजारपणाच्या रजेवरून घासाघीस केल्याचे मी तरी ऐकलेले नाही. दार उघडे ठेवले आहे, पण त्यातून जाणारा कोणी नाही. अटकावाचा अभ्यास करणाऱ्याने ही स्थिती वेगळी नोंदवावी, कारण परिणाम अटकावासारखाच आहे आणि दोष देण्यासाठी एकही कलम सापडत नाही.

आता दाखल्याकडे. ६९ वे कलम म्हणते, आजार सिद्ध करायला कंपनीने नेमलेल्या डॉक्टरचा किंवा सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरचा दाखला हवा. दोघांत मतभेद झाला तर सरकारी डॉक्टरचे मत अंतिम. मालकाच्या खिशातून पैसे जाणार असताना मालकाच्या डॉक्टरला शेवटचा शब्द न देणे शहाणपणाचे आहे. पण ४२ वे कलम जोडून वाचले की दाखल्याचे वजन कळते. पटण्यासारखे कारण नसताना लागोपाठ सात दिवस किंवा वर्षात सुटे वीस दिवस गैरहजर राहिलेल्या कामगाराने राजीनामा दिला असे मालक धरू शकतो. आजारी माणूस आणि नोकरी सोडून गेलेला माणूस यांच्यात फरक करणारी गोष्ट एकच, मुस्तौसफमधून, म्हणजे सरकारी दवाखान्यातून, आणलेला कागद. तो मंदूबच्या, म्हणजे कंपनीची सरकारी कामे पाहणाऱ्या माणसाच्या, हातात वेळेवर पडला पाहिजे. इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, मालकाच्या नावाशी बांधलेल्या देशात हा खाडा नुसता पगारापुरता राहत नाही.

आणि कागदाला पैसे पडतात. २०१७ च्या ऑक्टोबरात परदेशी लोकांसाठी सरकारी दवाखान्यातली भेट २ दिनार झाली. डिसेंबर २०२२ मध्ये त्याच भेटीतल्या औषधांसाठी आणखी ५ दिनार लागले. खासगी क्षेत्राचे किमान वेतन ७५ दिनार. त्या पगाराच्या माणसाला रोजचे तीन दिनारही पडत नाहीत. म्हणजे दोन दिवसांच्या तापाची रजा पगारी करून घ्यायला सात दिनार, जवळजवळ अडीच दिवसांची मजुरी. हिशोबी माणूस पॅनाडोल घेऊन कामावर जाईल. कामगार कायद्याच्या एकाही अक्षराला हात न लावता आरोग्य खात्याच्या शुल्कपत्रकाने रजेचा हक्क कमी केला. राज्यविरुद्ध शहर या चौकटीत पाहणाऱ्याला हे दिसणारच नाही, कारण इथे दोन्ही हात एकाच सरकारचे आहेत.

२०२० साली फरवानियात जे घडले त्याने हा विषय माझ्यापुरता पक्का केला. ६ एप्रिलला जलीब आणि अहमदीतले महबूला ही दोन ठिकाणे बंद करण्यात आली. मे महिन्यात तीन आठवडे सगळा देशच बंद होता. तो उघडताना, ३१ मे रोजी, फरवानिया, खैतान, हवल्ली, नुगरा आणि मैदान हवल्ली यांना वेगळे बंद केले गेले. जलीब ९ जुलैला सुटले, फरवानिया थेट २६ जुलैला. नाकाबंदी, कुंपणे, आत-बाहेर जायला परवाना. म्हणजे रोगाचा विचार करताना सरकारला देशाचे भाग पाडता आले. फरवानियाची घनता, तिथल्या एकेका खोलीत राहणारी माणसे, हे सगळे निर्णयात मोजले गेले. रजेचा विचार करताना मात्र फरवानिया नावाचे काही उरत नाही. तिथे ६९ वे कलम, आणि ते देशभर सारखे. दोन-तीन महिने गल्लीत अडकलेल्या निरोगी माणसाचा पगार या कलमात कुठे बसतो? तो आजारी नव्हता. दाखला कोण देणार? आजारपणाची रजा ही व्यक्तीच्या शरीराशी बांधलेली आहे, आणि साथ ही वस्तीची असते.

या फटीतूनच अमेरिकेतल्या दोन निकालांकडे जाता येते, आणि मला ते या क्षेत्रातले सर्वांत बोलके निकाल वाटतात. पण आधी मिलवॉकी.

सॅन फ्रान्सिस्कोने २००६ च्या मतदानात आजारपणाची पगारी रजा मान्य केली. शहराने अशी सक्ती करण्याचा अमेरिकेतला हा पहिला प्रसंग. नोव्हेंबर २००८ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहराने तेच केले. मतदारांचा थेट कौल घेतला, शंभरातल्या सुमारे एकोणसत्तर जणांनी होकार दिला. तीस तास कामामागे एक तास रजा. मोठ्या आस्थापनेत वर्षाला ९ दिवसांपर्यंत, लहानात ५. व्यापाऱ्यांची संघटना कोर्टात गेली. मार्च २०११ मध्ये अपील न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला, आणि मे महिन्यात गव्हर्नर स्कॉट वॉकर यांनी अशा स्थानिक नियमांना अटकाव करणाऱ्या कायद्यावर सही केली. कोर्टात जिंकलेला नियम दोन महिन्यांच्या आत विधिमंडळात हरला. त्याच ऑगस्टमध्ये न्यू ऑर्लिन्सला अमेरिकन लेजिस्लेटिव्ह एक्स्चेंज कौन्सिल या संस्थेच्या अधिवेशनात त्या कायद्याच्या प्रती इतर राज्यांच्या आमदारांना वाटल्या गेल्या. २०१३ मध्ये फ्लोरिडाने तसाच कायदा केला. आज असा अटकाव असलेली राज्ये वीसहून अधिक आहेत.

अटकावाच्या बाजूने जो युक्तिवाद होतो तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दहा गावांत दुकाने असलेल्या माणसाला दहा प्रकारची रजापुस्तके ठेवायला लावणे हा खरा त्रास आहे. नियम एकच असावा, हे म्हणणे रास्त. पण मग एक साधी कसोटी लावावी: ज्याने खालच्याचा नियम पुसला, त्याने त्या जागी स्वतःचे काय ठेवले? विस्कॉन्सिनने काहीच ठेवले नाही. कुवेतने खालच्याला जागाच दिली नाही, पण ७५ दिवस लिहून ठेवले. या कसोटीवर एक राजेशाही एका लोकनियुक्त विधिमंडळापेक्षा सरस ठरते, आणि लोकशाहीवर प्रेम असलेल्या अभ्यासकाने हे गैरसोयीचे वाक्य गिळायला शिकले पाहिजे. दवाखान्याच्या शुल्कापाशी तेच वाक्य पुन्हा तपासावेही लागते, ते वेगळे.

आता ते दोन निकाल. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहराने फेब्रुवारी २०१८ मध्ये आजारपणाची पगारी रजा सक्तीची केली. नोव्हेंबरात अपील न्यायालयाने ती अडवली. कारण असे: राज्याचा किमान वेतन कायदा म्हणतो, की वेतनाबाबत शहरांनी वेगळे ठरवू नये, काम न केलेल्या दिवसाचे पैसे देणे म्हणजे वेतनच वाढवणे, सबब शहराला अधिकार नाही. २०२० मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. उलट पेनसिल्व्हेनियात पिट्सबर्ग शहराचा २०१५ चा नियम जुलै २०१९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला. तिथे १९५५ चा रोगप्रतिबंधक कायदा आहे, आणि तो शहरांना राज्याहून कडक आरोग्यनियम करू देतो. आजारी वाढपी घरी राहिला तर रोग पसरत नाही, म्हणून रजा हा आरोग्याचा नियम.

एकच रजा टेक्सासात वेतन, पेनसिल्व्हेनियात आरोग्य. कोणत्या कप्प्यात टाकली यावर ती जगली किंवा मेली. अर्थशास्त्रज्ञांनी पेनसिल्व्हेनियाच्या न्यायाधीशांना अप्रत्यक्ष दुजोराही दिला आहे: स्टेफान पिखलर आणि निकोलास झीबार्थ यांनी अमेरिकी शहरांचा अभ्यास करून दाखवले, की अशी रजा सक्तीची झाल्यावर तिथे फ्लूसदृश आजारांचे प्रमाण घटले. तरी न्यायालय आकडे पाहून निर्णय देत नाही; ते कायद्याच्या यादीत शब्द शोधते.

आपल्याकडची यादी म्हणजे संविधानाची सातवी अनुसूची. कामगार, कामगार कल्याण, सामाजिक विमा हे विषय समवर्ती सूचीत, २२ ते २४ या नोंदींत. केंद्र आणि राज्य दोघांनीही कायदा केला आणि ते एकमेकांशी भिडले तर २५४ व्या कलमाप्रमाणे केंद्राचा टिकतो. राष्ट्रपतींची संमती असेल तर राज्याचा त्या राज्यापुरता टिकतो, आणि तोही केंद्राला पुढे बदलता येतो. या शेवटच्या वाक्याचा अर्थ मुंबई राज्याने लवकरच अनुभवला. धान्याच्या विनापरवाना वाहतुकीला मुंबईने १९४७ च्या कायद्याने जबर शिक्षा ठेवली होती. केंद्राने १९५० मध्ये त्याच विषयात दुरुस्ती केली. आणि झवेरभाई अमैदास खटल्यात १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईची तरतूद निष्प्रभ ठरवली. रजेशी या खटल्याचा संबंध नाही, पण भारतातल्या अटकावाचे तर्कशास्त्र शिकायला तो उत्तम.

सार्वजनिक आरोग्य मात्र राज्य सूचीत आहे, आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत, नगरपालिकांकडे सोपवता येणाऱ्या १८ कामांतही आहे. कामगार त्या अठरांत नाहीत. आता विचार करा: पिट्सबर्गचा मार्ग मुंबईला किंवा कोल्हापूरला खुला आहे का? खानावळीतल्या आचाऱ्याला जुलाब झाले असताना त्याने पगारासकट घरी राहावे, असा आरोग्यनियम महापालिका करू शकेल का? माझे मत असे, की राज्याने तसा अधिकार स्पष्ट दिल्याशिवाय नाही; आणि दिला तरी पगाराचा भाग समवर्ती सूचीत ओढला जाऊन वाद होईल. पण हा प्रश्न आपल्याकडे निदान परीक्षेत तरी विचारला जावा.

मुंबईची गंमत वेगळीच आहे. दुकाने व आस्थापना कायदा १९४८ चा असो की त्याच्या जागी आलेला २०१७ चा, करते राज्य आणि राबवते महापालिका. २०१७ चा कायदा त्याच्या कक्षेतल्या आस्थापनांतल्या कामगारांना आठ दिवस नैमित्तिक रजा देतो; आजारपणाची म्हणून वेगळी रजा त्यात नाही. दिल्लीच्या १९५४ च्या कायद्यात आजारपण आणि नैमित्तिक मिळून १२ दिवस आहेत. महापालिकेचा निरीक्षक दुकानावरची मराठी पाटी नियमाप्रमाणे आहे की नाही हे पाहून दंड करू शकतो, रजेत अर्धा दिवसही वाढवू शकत नाही. अंमलबजावणी खाली आणि निर्णय वर, ही वाटणी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की ती वाटणी आहे हेच विसरायला होते.

आजारी कामगाराचा खरा आधार केंद्राची राज्य कामगार विमा योजना, सगळे जिला ईएसआय म्हणतात ती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत असताना प्रा. बी. पी. आडारकर यांना आरोग्यविम्याची योजना आखायला सांगितले गेले. त्यांचा अहवाल १९४४ चा, कायदा १९४८ चा. आज ठरावीक वर्गणी भरलेल्या कामगाराला वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के आजारपणाचा लाभ मिळतो. पहिले दोन दिवस सहसा धरत नाहीत. पगाराची मर्यादा २०१७ पासून २१,००० रुपये. चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्यावर ही योजना सामाजिक सुरक्षा संहितेखाली आली. कुवेतशी तुलना करताना दिवसांपेक्षा पैशाचा झरा पाहावा. कुवेतमध्ये पैसे थेट मालक देतो, म्हणून आजारी माणूस त्याला महाग पडतो. ईएसआयमध्ये मालक ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के सगळ्यांसाठीच भरतात. अमुक एक माणूस आजारी पडल्याने मालकाचा खर्च वाढत नाही. दाखल्यावरची मालकाची शंका त्यामुळे सौम्य होते, नाहीशी होत नाही.

खालून वर गेलेल्या कायद्याचे आपल्या घरचे उदाहरणही विसरू नये. बाळंतपणाच्या पगारी रजेचा कायदा मुंबई प्रांताने १९२९ मध्ये केला. विधिमंडळात आंबेडकरांनी त्या विधेयकाला पाठिंबा दिला होता. केंद्राचा प्रसूती लाभ कायदा आला १९६१ मध्ये. बत्तीस वर्षे एका प्रांताला पुढे राहू दिले म्हणून देशाला नमुना मिळाला. दिल्लीने तेव्हा ‘सगळीकडे एकच’ म्हणून प्रांतांना थोपवले असते, तर तो नमुना इतक्या लवकर कुठून आला असता, ते मला सुचत नाही.

उलट बाजूचे उदाहरण दुबईचे. तिथल्या आंतरराष्ट्रीय वित्तीय केंद्राला, डीआयएफसीला, संघराज्याचा कामगार कायदा लागू नाही. डीआयएफसीचा स्वतःचा २०१९ चा कायदा आहे. आजारपणासाठी त्यात ६० कामाचे दिवस: १० पूर्ण, २० अर्धे, ३० बिनपगारी. संघराज्याच्या ९० दिवसांपेक्षा कमी. इथे खालच्याने वरच्याला बाजूला सारले आणि आजारपणाची रजा थोडी आखडली. स्थानिक स्वायत्तता मिळाली कोणाला आणि मागितली कोणी, हे न विचारता तिची आरती करणाऱ्यांनी हा कायदा चाळावा.

अभ्यासाची एक वाट मला विशेष फलदायी वाटते. शहराला कायदा करता येत नसेल, तरी शहर स्वतः मालक असते आणि कंत्राटे देते. मुंबई महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि एप्रिल २०१७ मध्ये त्यांच्या बाजूने सुटला, तेव्हा रजेचा हक्कही त्याच दाराने त्यांच्याकडे आला. निविदेच्या अटींत आजारपणाची रजा घालायला समवर्ती सूची आड येत नाही. कुवेतमध्ये रस्ते, शाळा, रुग्णालये झाडणारी माणसे अशाच सरकारी कंत्राटांवर आहेत, अठरा नंबरच्या, म्हणजे खासगी नोकरीच्या, व्हिसावर. ६९ वे कलम त्यांना लागू आहे. वीस नंबरच्या व्हिसावरची घरकामगार त्या कलमाबाहेर आहे. तिच्यासाठी २०१५ चा ६८ क्रमांकाचा कायदा: आठवड्याची सुट्टी, वर्षाची रजा, बारा तासांची कमाल, औषधपाणी मालकाकडे. पायऱ्यापायऱ्यांचे ते १५-१० दिवस तिच्या वाट्याला नाहीत. भिंतीच्या एका बाजूला ऑफिस झाडणारी आणि दुसऱ्या बाजूला घर झाडणारी, दोघींना एकच ताप.

नव्या अभ्यासकाने सुरुवात कुठून करावी, असे विचारले तर मी अमेरिकेपासून सांगणार नाही. आधी कुवेतच्या २०१० च्या कायद्यातली ४, ६, ४२ आणि ६९ ही चार कलमे एका बैठकीत वाचावीत. मग महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा आणि ईएसआयची आजारपणाच्या लाभाची कलमे. त्यानंतर ऑस्टिन आणि पिट्सबर्गचे निकाल समोरासमोर ठेवावेत. शेवटी निविदा. सफाईच्या कंत्राटात गैरहजेरीचा दंड किती, बदली माणूस किती तासांत द्यायचा, आणि आजारी माणसाच्या दिवसाचे पैसे कंत्राटदार कोणत्या रकान्यात मागू शकतो, हे त्या दस्तांत तपासता येते. मुंबईच्या निविदा महापालिकेच्या संकेतस्थळावर मिळतात. कुवेतच्या सरकारी निविदा केंद्रीय निविदा संस्थेमार्फत निघतात आणि तिथे अरबी वाचणारा सोबती लागतो.